संगणकाच्या पोटातील वीजपुरवठा

सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतून गेल्या वर्षी आम्हाला एक प्रश्न विचारला गेला. शाळेच्या संगणक कक्षातील दहापैकी चार संगणक बंद पडले होते. दुरुस्तीला आलेल्या माणसाने "एसएमपीएस गेला" असे चारही वेळा सांगितले आणि जुन्यांच्या जागी जास्त वॅटचे बसवा, असा सल्ला दिला. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला फोनवर विचारले, "सर, किती वॅटचा घ्यायचा? मोठा घेतला तर बिल वाढेल का? आणि लहान घेतला तर पुन्हा जळेल का?"

उत्तर एका वाक्यात देता आले असते. पण मग पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. संगणकाच्या इतिहासात आपण प्रोसेसर, स्मृती, पडदा यांच्याविषयी पुष्कळ वाचतो. मागच्या बाजूला पंख्यासह बसवलेल्या त्या पत्र्याच्या पेटीचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. तो थोडक्यात पाहिला तर बाईंच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. शिवाय आठवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकातील रोहित्र, धारित्र, ओहमचा नियम आणि उष्णता हे सारे एकाच वस्तूत एकत्र भेटते.

पेटीचे काम

आपल्या भिंतीवरील खटक्यातून येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी असते. तिचा दाब २३० व्होल्ट आणि वारंवारता ५० हर्ट्झ असते, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने. संगणकातील चिपांना मात्र एकाच दिशेने वाहणारी, कमी दाबाची आणि अगदी स्थिर वीज लागते. जुन्या संगणकांत मुख्यतः ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे दोन दाब वापरले जात. पुढे ३.३ व्होल्टची भर पडली. २३० व्होल्टच्या चढउतार होणाऱ्या विजेचे या स्थिर दाबांत रूपांतर करणे आणि मानवी हाताला लागू शकणाऱ्या भागापासून घातक दाब अलग ठेवणे, ही त्या पेटीची दोन कामे. दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, हे लक्षात ठेवू या. त्याच्याशी संबंधित एक आठवण पुढे येणार आहे.

जड रोहित्राचा काळ

हे काम करण्याची जुनी पद्धत सरळ होती. लोखंडी गाभ्याच्या रोहित्राने २३० व्होल्टचे दहा-बारा व्होल्ट करायचे, डायोडने प्रवाह एकाच दिशेला वळवायचा, मोठ्या धारित्राने त्यातील लाटा सपाट करायच्या आणि शेवटी एका ट्रान्झिस्टरने जास्तीचा दाब अडवायचा. जुन्या रेडिओत आणि टेपरेकॉर्डरच्या एलिमिनेटरमध्ये आपण हीच रचना पाहिली आहे. तिला रेषीय पुरवठा म्हणतात.

या रचनेत दोन दोष होते. पहिला दोष वजनाचा. ५० हर्ट्झला रोहित्राचा गाभा मोठाच लागतो, कारण प्रत्येक अर्ध्या आवर्तनात, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात, त्याला बरेच चुंबकीय अभिवाह साठवावे लागते. दुसरा दोष उष्णतेचा. जास्तीचा दाब "अडवायचा" म्हणजे तो ट्रान्झिस्टरमध्ये जाळून टाकायचा. ५ व्होल्टला १० अँपिअर हवे असतील आणि आत १० व्होल्ट येत असतील, तर संगणकाला ५० वॅट मिळतात आणि तितकेच ५० वॅट नुसते तापण्यात जातात. अर्धी वीज वाया!

याचे एक उदाहरण शिक्षकांच्या जिव्हाळ्याचे आहे. १९८४ मध्ये भारत सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यासाठी ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो हा संगणक निवडला होता. १९८१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये हा संगणक बाजारात आला तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या नगांत रेषीय पुरवठा होता. तो फार तापत असे. म्हणून लवकरच तो बदलून दुसऱ्या जातीचा पुरवठा बसवावा लागला. ही दुसरी जात म्हणजेच आपला एसएमपीएस.

चालू-बंद करण्याची युक्ती

एसएमपीएस म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय, खटक्याच्या तत्त्वावर चालणारा वीजपुरवठा. एक साधी कल्पना करून पाहू. नळाला पाण्याचा जोर फार आहे आणि आपल्याला बादलीत बारीक धार हवी आहे. एक उपाय म्हणजे तोटीवर बोळा दाबून धरायचा. दुसरा उपाय म्हणजे तोटी पूर्ण उघडायची, पूर्ण बंद करायची, पुन्हा उघडायची, आणि हे इतक्या भराभर करायचे की बादलीच्या तळाच्या छिद्रातून बाहेर पडणारी धार एकसारखीच राहावी. किती वेळ उघडी आणि किती वेळ बंद, या प्रमाणावर धार ठरते. पूर्ण उघड्या खटक्यावर दाब जवळजवळ शून्य असतो, पूर्ण बंद खटक्यातून प्रवाह शून्य असतो. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे वाया जाणारी शक्ती. दोन्ही अवस्थांत ती फारच थोडी असते.

युक्तीचा दुसरा भाग रोहित्राशी संबंधित आहे. एसएमपीएस आधी २३० व्होल्टची वीज सरळ एकदिश करून घेतो, मग तिचे तुकडे करतो. हे तुकडे सेकंदाला ५० नव्हे, तर काही दशसहस्र वेळा केले जातात. वारंवारता वाढली की प्रत्येक आवर्तनात रोहित्राने वाहून न्यायचा वाटा लहान होतो आणि गाभाही लहान चालतो. वारंवारता हजारपट झाली तरी गाभा हजारपट लहान होत नाही, कारण या वेगाला लोखंडी पत्रे फार तापतात. त्यांच्याऐवजी फेराइट नावाचा मातीच्या भांड्यासारखा ठिसूळ पदार्थ वापरावा लागतो, आणि तो लोखंडापेक्षा कितीतरी कमी चुंबकत्व पेलतो. तरीही नारळाएवढ्या रोहित्राचे काम काडेपेटीएवढ्या रोहित्राने होते, हे काही थोडे नव्हे.

कल्पना जुनीच होती. १९६० च्या दशकात अपोलो यानांवरील मार्गदर्शक संगणकातही खटक्याच्या तत्त्वाचा पुरवठा होता. पण तिथे पैशाचा प्रश्न नव्हता. जास्त दाब सोसणारे आणि वेगाने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वस्त होऊ लागले. १९७६ च्या सुमारास चालू-बंद काळाचे प्रमाण सांभाळणारी सगळी मांडणी एकाच चिपमध्ये मिळू लागली. १९७७ मध्ये बाजारात आलेल्या अ‍ॅपल-टू या संगणकात रॉड होल्ट या अभियंत्याने असाच पुरवठा बसवला. संगणकात पंख्याचा आवाज नको, असा स्टीव्ह जॉब्ज यांचा आग्रह होता आणि पुरवठा कमी तापल्याखेरीज पंखा काढणे शक्य नव्हते. पुढे "जगातील सर्व संगणकांनी होल्ट यांची नक्कल केली" अशी आख्यायिका पसरली. ती खरी मानण्याचे कारण नाही. ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर अनेक ठिकाणी अनेक जण एकाच उत्तराकडे येत होते. विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते.

६३.५ वॅटपासून पुढे

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला. त्याचा वीजपुरवठा फक्त ६३.५ वॅटचा होता. फ्लॉपीच्या दोन खोबणींपुरता तो ठीक होता. पण हार्ड डिस्क जोडायची म्हटले की तो कमी पडे आणि पेटी बदलावी लागे. संगणकाचा वीजपुरवठा वाढवण्याची गरज सामान्य वापरणाऱ्याला जाणवली ती इथे. १९८३ च्या एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणि १३० वॅटचा पुरवठा आला. १९८४ च्या एटीमध्ये तो १९२ वॅटचा झाला. एटीच्या पेटीची रचना इतकी रुजली की पुढची दहा-बारा वर्षे जगभर तिचीच आवृत्ती चालली.

या एटी पेटीशी आमची ओळख १९९९ मध्ये साताऱ्यात झाली, आणि ती महाग पडली. आम्ही बी.एस्सी.ला होतो. चार मित्रांनी वर्गणी काढून एक जुना ४८६ संगणक घेतला होता. त्याला सीडी वाचणारे यंत्र जोडले तेव्हा तो अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. पुरवठा अपुरा पडतो आहे, असे निदान करून आम्ही मोठी पेटी आणली आणि स्वतःच बसवायला घेतली. एटी पेटीतून मुख्य पाटीकडे सहा-सहा तारांची दोन जोडणी-टोके जात. ती दिसायला सारखी होती आणि उलटसुलटही बसत. आम्ही ती उलट बसवली. खटका दाबला, वास आला आणि वर्गणी संपली. पोवई नाक्याजवळच्या दुरुस्तीच्या दुकानातील काकांनी पाटी हातात घेऊन एकदाच पाहिले आणि म्हणाले, "काळीशेजारी काळी, एवढंच ध्यानात ठेवायचं असतं पोरांनो." दोन्ही टोकांच्या काळ्या तारा मधोमध शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत, हा त्या काळचा मूलमंत्र आम्हाला पाटी जळल्यावर कळला.

आम्ही ती चूक केली तोवर तिच्यावरचा उपाय बाजारात येऊन गेला होता. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी रचना जाहीर केली. तिच्यात मुख्य पाटीसाठी २० तारांचे एकच टोक होते आणि ते उलटे बसूच शकत नव्हते. ३.३ व्होल्टचा दाबही तिच्यात आला. एटी पेट्यांमध्ये समोरच्या बटणापर्यंत २३० व्होल्टची तार आणलेली असे. एटीएक्समध्ये त्या बटणाला फक्त ५ व्होल्टचा इशारा पुरू लागला. त्यासाठी पेटीचा एक लहान भाग सतत जागा राहतो. म्हणून एटीएक्स संगणक बंद दिसला तरी भिंतीवरचा खटका चालू असेपर्यंत थोडी वीज घेतच असतो.

पुढची श्रेणीवाढ २००० च्या सुमारास पेंटियम-४ सोबत झाली, आणि ती सर्वांत बोधप्रद आहे. प्रोसेसरला लागणारी शक्ती वाढत होती, पण त्याचा स्वतःचा दाब घटत घटत दीड-दोन व्होल्टवर आला होता. ही शक्ती पेटीपासून पाटीपर्यंत कोणत्या दाबाने न्यायची? ६० वॅट ५ व्होल्टने न्यायचे तर १२ अँपिअर लागतात, १२ व्होल्टने न्यायचे तर ५ अँपिअर पुरतात. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तीच शक्ती ५ व्होल्टने नेताना तार जवळजवळ पावणेसहापट तापते. म्हणून १२ व्होल्टची चार तारांची वेगळी जोडणी आली आणि दाब उतरवण्याचे काम प्रोसेसरच्या अगदी शेजारी होऊ लागले.

सातारा-सांगलीच्या वाचकांना हे तत्त्व नवे नाही. कोयनेची वीज २२० आणि ४०० किलोव्होल्टच्या मनोऱ्यांवरून याच कारणासाठी धावते. दाब वाढवा, प्रवाह घटवा आणि उपयोगाच्या जागेजवळ दाब उतरवा. कऱ्हाडच्या परिसरातून जाणारे मनोरे आणि संगणकातील पिवळी तार, दोघांचे गणित एकच!

कोयनेपासून वर्गापर्यंत

आता पेटीच्या बाहेर येऊ. कारण पेटी का जळते, याचे उत्तर बहुधा पेटीच्या बाहेरच असते.

पाटण तालुक्यातील कोयना धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेऊन पायथ्याशी वीज निर्माण करण्याचे काम १९६२ मध्ये सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले आणि थेट मुंबईची वीज गेली. तेव्हा सारे राज्य या एका प्रकल्पावर किती अवलंबून आहे, ते कळले. पुढे टप्प्याटप्प्याने प्रकल्प वाढला. १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाला बोगद्यातून छिद्र पाडून चौथ्या टप्प्याला पाणी दिले गेले. आज सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १,९०० मेगावॅटहून अधिक आहे.

पण निर्मितीच्या टोकाला मेगावॅट वाढले म्हणून शेवटच्या गावातल्या शाळेत २३० व्होल्ट पोचतातच असे नाही. मधल्या तारांची लांबी आणि जाडी, डीपीची क्षमता आणि तिच्यावरचा भार यांवर ते अवलंबून असते. आपल्या भागात हा भार म्हणजे मुख्यतः पंप. १९१० मध्ये तेव्हाच्या औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि तिथल्या कारखान्याने पुढे पंपांचे नाव घरोघरी पोचवले. उसाला आणि द्राक्षांना पाणी देणाऱ्या हजारो पंपांवर या दोन्ही जिल्ह्यांची शेती उभी आहे. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहापट प्रवाह खेचते. तीन फेजची वीज आली की ऑटो स्टार्टर लावलेल्या साऱ्या मोटरी एकदमच सुरू होतात. अशा वेळी ओळीच्या शेवटी असलेल्या शाळेतला दाब १६०-१७० व्होल्टपर्यंत उतरल्याचे आम्ही स्वतः मोजले आहे.

अशा वेळी साधा दिवा मंद होतो, म्हणजे तो कमी वीज घेऊन गप्प बसतो. एसएमपीएस तसे करत नाही. संगणकाला ठरलेली शक्ती पुरवायचीच, हा त्याचा धर्म. दाब घटला की तो प्रवाह वाढवतो. २३० चे १६० व्होल्ट झाले तर प्रवाह जवळजवळ दीडपट होतो आणि आतल्या तारा व खटके दुपटीने तापतात. जुन्या पेट्या साधारण १८० व्होल्टच्या खाली नीट चालण्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या.

पंप बंद झाले की उलटे होते. रात्री दाब २६०-२७० पर्यंत चढतो. जुन्या पेटीत एकदिश केलेली वीज साठवायला २०० व्होल्टची दोन धारित्रे एकापुढे एक जोडलेली असत. २३० व्होल्टचे शिखरमूल्य ३२५, म्हणजे प्रत्येकावर सुमारे १६३ व्होल्ट. २७० व्होल्टला शिखरमूल्य ३८२, म्हणजे प्रत्येकावर १९१. मर्यादा अगदी जवळ येते. आणि डीपीवरचे न्यूट्रल तुटून चुकून ४०० व्होल्ट आले तर प्रत्येकावर २८० हून जास्त! मग धारित्र फुटते. "संगणक फुटला" म्हणून गावात जी बातमी होते ती बहुधा याचीच. जुन्या पेटीमागे ११५ आणि २३० असा लहानसा लाल खटका असे. तो चुकून ११५ वर सरकवला तरी नेमके हेच होई.

ही धारित्रे एक उपकारही करतात. अशा दोन धारित्रांत मिळून सुमारे १२ ज्यूल ऊर्जा साठते. म्हणजे सव्वा किलोचे वजन एक मीटर उचलण्याइतकी. वीज सेकंदाचा पन्नासावा भाग गेली तर दिवा लुकलुकतो, पण संगणक या साठ्यावर तग धरतो. आणि ही ऊर्जा ३२५ व्होल्टला साठलेली असते म्हणूनच, वीज काढल्यानंतरही पेटीचे झाकण शाळेत कोणी उघडू नये. पेटी सबंध बदलावी, आत हात घालू नये.

झिणझिण्या

आता ती आठवण. १९९४ मध्ये आम्ही सांगली जिल्ह्यातील एका शाळेत नववीत होतो. शाळेला एक संगणक आणि एक प्रिंटर देणगी म्हणून मिळाला. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने संगणकाच्या पत्र्याला मनगट लावले आणि हात झटकला. पत्र्याला झिणझिण्या येत होत्या. सरांनी हात लावून पाहिला, त्यांनाही जाणवले. मुलांच्या जिवाशी खेळ नको म्हणून त्यांनी संगणकावर निळे कापड टाकले आणि खोलीला कुलूप लावले. त्यांच्या जागी आम्ही असतो तरी तेच केले असते. आम्ही दहावी होऊन बाहेर पडलो तोवर ते कुलूप निघाले नाही. आमच्या दोन-तीन तुकड्यांतील मुलांनी संगणक फक्त खिडकीच्या गजांतून, कापडाखाली पाहिला.

संगणक बिघडला नव्हता. एसएमपीएस आपल्या वेगवान चालू-बंदचा उपद्रव बाहेरच्या तारांत जाऊ नये म्हणून दारातच एक गाळणी ठेवतो. तिच्यातील दोन चिमुकली धारित्रे फेज आणि न्यूट्रल यांपासून पत्र्याला जोडलेली असतात. पत्रा जमिनीशी जोडलेला असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो आणि कोणाला कळतही नाही. पण तिसऱ्या पिनला अर्थिंगच नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्याचा दाब २३० च्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास जातो. धारित्र ४.७ नॅनोफॅरडचे असेल तर हाताला मिळणारा प्रवाह सुमारे ०.३४ मिलीअँपिअर निघतो. मनगटाच्या कोवळ्या त्वचेला तो जाणवतो. प्रिंटरची गाळणी त्यात भर घालते. दहा संगणक अर्थिंग नसलेल्या एकाच पट्टीवर असतील तर हे प्रवाह एकत्र होऊन तीन-साडेतीन मिलीअँपिअर होतात. तो झटका कोणालाही घाबरवील असा असतो.

त्या शाळेत तीन पिनांचा खटका होता, पण तिसऱ्या छिद्रामागे तारच नव्हती. एक खड्डा, एक लोखंडी नळी, कोळसा, मीठ आणि एक तार, एवढ्यावाचून एका शाळेचा संगणक कापडाखाली राहिला. इथे आणखी एक इशारा दिला पाहिजे. झिणझिण्या आल्या की "हे तर गाळणीचे" म्हणून सोडून देऊ नये. आतले आवरण खरोखर फाटले असेल तर अर्थिंग नसलेला पत्रा प्राणघातक ठरतो. कारण कोणतेही असो, उपाय एकच. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे आणि गळती होताच वीज तोडणारा खटका बसवणे. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत ओल असेपर्यंत अर्थिंग चांगले मिळते, पण उन्हाळ्यात ती भेगाळते. साताऱ्याच्या डोंगरी भागात मुरूम आणि कातळ असल्याने मुळातच कठीण जाते. म्हणून खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत शास्त्रीय आहे.

वारणाकाठचा प्रयोग

सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरील वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये देशभर गाजलेला एक प्रयोग झाला. सुमारे ७० गावांसाठी केंद्रे उघडून तिथे संगणक बसवले गेले. उसाची नोंद, तोडणीची पावती, वजन, पैसे ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा हेतू. २००६-०७ च्या सुमारास संशोधकांनी पाहिले तेव्हा हे संगणक मुख्यतः उसाच्या नोंदींपुरतेच वापरले जात होते. तेव्हा काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि लघुसंदेश वापरून तेच काम करून दाखवण्यात आले.

यामागे खर्चाचे आणि देखभालीचे हिशेब होतेच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घ्यावी. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तास भारनियमन होते. मेजावरच्या संगणकाला वीज प्रत्येक क्षणी लागते. मोबाइलला ती दिवसातून केव्हातरी मिळाली तरी चालते, कारण त्याच्या पोटात बॅटरी असते. वीजपुरवठा सुधारण्याचा हाही एक मार्ग आहे. पेटी मोठी करायची नाही, गरजच लहान करायची.

बाईंना दिलेले उत्तर

आता तीन प्रश्नांकडे वळू. मोठा घेतला तर बिल वाढेल का? पेटीवरचा आकडा ती किती देऊ शकते हे सांगतो, किती घेते हे नाही. मोठी घागर घेतली म्हणून तहान वाढत नाही. मात्र फार मोठी पेटी फार थोड्या भारावर चालवली तर तिची कार्यक्षमता घसरते. २००४ मध्ये सुरू झालेल्या '८० प्लस' या प्रमाणपत्राची मूळ अट २०, ५० आणि १०० टक्के भाराला किमान ८० टक्के कार्यक्षमता अशी आहे. ७५० वॅटच्या पेटीवर ४० वॅटचा संगणक लावला तर भार जेमतेम ५ टक्के. तिथे या अटीचा उपयोग नाही.

लहान घेतला तर जळेल का? संगणकाची खरी भूक किती, ते आधी मोजावे. त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. शाळेच्या वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. बहुतेक मीटरवर युनिटला ३,२०० लुकलुकी असे लिहिलेले असते. बाकी सर्व वीज बंद करून एकच संगणक चालू ठेवा आणि २२५ सेकंदांत किती लुकलुकी होतात ते मुलांना मोजायला सांगा. आलेल्या संख्येला ५ ने गुणले की वॅट मिळतात. मीटरवर १,६०० लिहिले असेल तर १० ने गुणा. त्या शाळेत मुलांनी मोजले तेव्हा पडद्यासह ६५ वॅट आले. पेट्या होत्या ४५० वॅटच्या!

तरी जळल्या, कारण पेटीवरचा एक मोठा आकडा पुरेसा बोलत नाही. पेटीच्या लेबलावर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून गुणाकार करावा. त्या "४५० वॅट"च्या पेटीवर १५ अँपिअर होते, म्हणजे आज जिथे खरी गरज असते तिथे फक्त १८० वॅट. तरीही ६५ वॅटच्या संगणकाला ते भरपूर होते. कमी पडत होती ती दाबातील चढउतार सोसण्याची ताकद.

या ताकदीचाही एक इतिहास आहे. जुन्या पेट्या प्रत्येक आवर्तनाच्या शिखरावरच प्रवाहाचा घोट घेत. त्याने सगळ्यांच्याच तारांतील विजेचा आकार बिघडतो. युरोपने २००१ पासून यावर निर्बंध आणले, तेव्हा प्रवाह दाबाच्या पावलावर पाऊल ठेवून घेणारे एक मंडल पेटीत आले. त्याला अ‍ॅक्टिव्ह पीएफसी म्हणतात. असे मंडल असलेल्या बहुतेक पेट्या ९० ते २६४ व्होल्टपर्यंत न कुरकुरता चालतात. युरोपातील तारा स्वच्छ ठेवण्यासाठी केलेली सुधारणा जत आणि माणच्या शाळांना आयतीच लाभली. न्यूट्रल तुटल्यावरचे ४०० व्होल्ट मात्र हिलाही सोसत नाहीत. त्यासाठी फळ्यावर जादा दाब येताच वीज तोडणारे साधन हवे.

तेव्हा आम्ही बाईंना कळवले ते असे. आधी अर्थिंग. मग दाबाचे रक्षण. मग अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेली, ओळखीच्या बनावटीची, ३०० वॅटच्या आतबाहेरची पेटी. खेळांसाठी किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मोठे ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्यांची गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये तर ६०० वॅटपर्यंत वाहणारी जोडणी आली. १२ व्होल्टला ते ५० अँपिअर होतात, आणि नीट न बसलेली टोके वितळल्याच्या तक्रारीही आल्या. तारेच्या उष्णतेचा नियम कोणाचीच गय करत नाही. शाळेला त्या वाटेने जाण्याचे कारण नाही.

अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात खणला गेला. पेट्या जूनमध्ये बसल्या. बाईंनी नंतर कळवले की पाचवीची मुलेही आता पत्र्याला हात लावून संगणक पुसतात.